वरून कापलेलं दार

दार नीट लागत असतं तोवर ते घरात आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमचं मुख्य दार सागवानी. पुण्यात हे घर घेतलं तेव्हा बिल्डरचं दार नाकारून वडिलांनी मुद्दाम करून घेतलेलं. इतके पावसाळे गेले, पण ते कधी कुरकुरलं नाही. मग आम्हाला नव्या फरशीची हौस आली.

जुनी मोझॅक उखडायची म्हणजे धूळ, राडारोडा आणि खालच्या मजल्याशी भांडण. म्हणून हल्ली मोझॅकवरच व्हिट्रिफाइड टाइल चिकटवतात. टाइल आणि तिच्याखालचं ॲडहेसिव्ह धरून जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते आणि दारं खालून तेवढी कापावी लागतात. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी दार बिजागऱ्यांतून सोडवलं, जिन्यात आडवं टाकलं, चहा घेतला आणि कटर फिरवला. वरच्या बाजूने.

परत लावायला गेले तर दार फरशीला अडतंच आहे. इथे कुणाला तरी शंका यायला हवी होती. ‘कमी कापलं वाटतं’ म्हणून त्यांनी खालूनही कापलं! संध्याकाळी बघतो तर दाराच्या डोक्यावर करंगळी सहज जाईल एवढी फट. जिन्यातल्या ट्यूबचा उजेड घरात आणि शेजारच्यांची लसणाची फोडणीही घरात.

‘टेन्शन घेऊ नका मॅडम,’ कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. ‘वरून पट्टी मारू, पुट्टी भरू, ऑइलपेंट मारला की कळणारसुद्धा नाही.’ सागवानाला ऑइलपेंट! आईने त्याच्यासाठी आणलेला चहा तसाच आत परत नेला.

मग ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ‘कुसू वाचलंय’ एवढंच म्हणाले. म्हणजे वरचं आडवं लाकूड उभ्या लाकडात जिथे बसवलेलं असतं तो सांधा शाबूत होता. तो गेला असता तर अख्खं दार खोलावं लागलं असतं. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढून दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘वर’ असं लिहिलं. मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

‘नुसत्या फेविकॉलवर भागणार नाही, ताई.’ आडव्या लाकडावर पट्टी घट्ट चिकटते, कारण दोन्हींच्या रेषा एकाच दिशेने जातात. उभ्या लाकडाच्या टोकाला मात्र त्या रेषांची कापलेली तोंडं वर येतात; तिथे फेविकॉल आत शोषला जातो, नीट धरत नाही. म्हणून त्या दोन टोकांना बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. पट्टीसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून त्यांनी जुन्या सागाचा तुकडा शोधून आणला. नवा साग पिवळट असतो, जुन्याशेजारी सोयरिकीत चुकून आलेल्या पाहुण्यासारखा दिसतो. आणलेला तुकडाही त्यांनी आधी ओल्या फडक्याने पुसून पाहिला, कारण पाणी लागलं की पॉलिशनंतरचा रंग साधारण कळतो.

पट्टी बसल्यावर रंधा. किती तासायचं ते ठरवायला त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि दार व चौकट यांच्यामध्ये ते कडेकडेने सरकवत नेलं. कुलपाच्या बाजूला नाणं जरा सैल फिरेल एवढी जागा सोडली. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उंचीला जवळजवळ नाहीच. दार जूनमध्ये अडतं ते बहुतेक बाजूने, आणि लोक घाईघाईने ते तासून घेतात, मग हिवाळ्यात फट पडली म्हणून ओरडतात. हे सगळं ते रंधा न थांबवता सांगत होते.

पॉलिश लाखेचं. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख. तिचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याला मलमल गुंडाळून, थर पातळ ठेवून पुन्हा पुन्हा फिरवायचा. ब्रश बिल्कुल नाही. घरभर स्पिरिटचा वास, पण त्याबद्दल आईची काही तक्रार नव्हती. काकांना तर दर तासाला चहा मिळत होता.

शेवटचे पैसे न्यायला कॉन्ट्रॅक्टर आला. सुताराची मजुरी आम्ही बिलातून वजा केली तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं, पण बोलला नाही. मग उठून दारापाशी गेला, वरच्या कडेवरून बोट फिरवलं, जोड कुठे आहे ते शोधलं आणि विचारलं, ‘हा माणूस कुठला हो? नंबर द्या ना. कोथरूडला अजून एका फ्लॅटमध्ये असंच झालंय.’