स्वर कुठे तोडायचा

रात्रीचे पावणेबारा.

उजव्या हाताची तर्जनी हुळहुळतेय. सात तास स्टुडिओत होतो, त्यातले वाजवण्यात गेले जेमतेम दोन. आल्यावर बेस (खालच्या, जाड स्वरांची गिटार) पुसून ठेवला, पण झोप येईना म्हणून वही काढली.

आज तीन गाणी होती. पहिली दोन सरळ. चार्टवर नुसते कॉर्ड लिहिलेले, बाकी तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्या टेकला, म्हणजे दुसऱ्यांदा रेकॉर्ड करताना, दोन्ही पास. तिसरं मात्र काही केल्या बसेना. ठेका साधाच, मिनिटाला 90 मात्रा. आधी गिटार काढली, मग परत घातली. ड्रमरला स्नेअर (कडक 'टक्' वाजणारा ड्रम) बदलायला लावला, मग त्या स्नेअरवर टॉवेल टाकून पाहिला. हेडफोनमध्ये एकमेकांचे सुस्कारेसुद्धा ऐकू यायला लागले होते.

मी तोवर काय करत होतो, तर पहिल्या मात्रेला किकबरोबर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर) स्वर लावायचा आणि दुसऱ्या मात्रेला स्नेअर पडून गेल्यावरही तो जरा रेंगाळू द्यायचा. कानाला भरीव लागतं. सहाव्या टेकला कोणालाही न विचारता तो स्नेअरच्या अगदी आधी बंद केला. यात डाव्या हाताचं बोट उचलायचं नसतं, उचललं की मोकळी तार बोंबलते. नुसता दाब सोडायचा. तार फ्रेटवरून (मानेवरच्या धातूच्या पट्टीवरून) सुटते आणि बोटाखालीच गप्प होते. पाव सेकंदाचासुद्धा मामला नाही. पण मधे तेवढी फट पडली आणि स्नेअर तिच्यात नेमका येऊन बसला.

टेक संपल्यावर काचेपलीकडून आवाज आला, "वा! आता ड्रम कसला वाजतोय! टॉवेलनेच फरक पडला, बघा."

ड्रमरने माझ्याकडे पाहिलं. मी ट्यूनरकडे पाहिलं.

शिकवताना सगळे स्वर कधी सुरू करायचा तेच सांगतात. तो कधी थांबवायचा, हे मला कळायला आठ-दहा वर्षं गेली. आणि कळल्यावर असं लक्षात आलं, की हे जमलं की शाबासकी नेहमी शेजारच्याला मिळते. तक्रार करत नाहीये. म्हणजे, थोडी आहेच.

अशा दिवशी मला जेम्स जेमर्सन आठवतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा घरचा बेसिस्ट. साठच्या दशकात त्या तळघरवजा स्टुडिओतून जी गाणी जगभर गेली, त्यातल्या बहुतेकांचा पाया याच्या हातचा. आणि हात म्हणजे तरी काय, उजव्या हाताची एक तर्जनी! मूळचा उभा डबल बेस वाजवणारा, तीच सवय त्याने फेंडर प्रिसिजन या इलेक्ट्रिक बेसवर आणली. तारा सपाट गुंडाळीच्या, आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. जुन्या तारेचा स्वर लवकर विझतो, खणखणत राहत नाही. (आज एकाने मला विचारलं, तारा कधी बदलल्या? मी म्हणालो, मागच्याच महिन्यात. मागच्या महिन्यात मी त्या नुसत्या पुसल्या होत्या.)

त्या काळात मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावंच छापत नसत. जेमर्सनचं नाव आलं ते 1971 मध्ये, गायक मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर. तोवर त्याचं दशकभराचं काम होऊन गेलं होतं. पुढच्याच वर्षी कंपनीने मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला. हाही मागोमाग गेला, पण तिथे जम बसला नाही, आणि दारू होतीच. 1983 मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा हा तिकीट काढून मागे बाल्कनीत बसला होता, असं सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला, 47 व्या वर्षी. ते बाल्कनीचं दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही.

कॅरल के या अमेरिकेतल्याच स्टुडिओ-बेसिस्टचं आणखी वेगळं. मूळची जॅझ गिटार वाजवणारी. 1963 च्या सुमारास एका सेशनला बेसवाला उगवलाच नाही, म्हणून हिच्या हातात बेस दिला, तो तिने पुढे सोडला नाही. पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवायची आणि तारांवर ब्रिजपाशी (तारांच्या खालच्या टोकाशी) फेल्टचा तुकडा ठेवायची, म्हणजे स्वर आपोआप आखूड. मी तारांखाली स्पंज खुपसतो, तो त्याच घराण्यातला. 2025 मध्ये तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान जाहीर झाला, तेव्हा नव्वदीची ही बाई सरळ नाही म्हणाली. स्टुडिओत वाजवणाऱ्यांचं काम त्यात दिसत नाही, असं तिचं म्हणणं. मला तिचा हेवा वाटला. मला कोणी बोलावलं असतं, तर मी तासभर आधी जाऊन बसलो असतो.

घरी आलो तेव्हा आई जागी होती. रफ मिक्स फोनवर आला होता, तो लावला. पूर्ण ऐकून म्हणाली, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?"

तिची चूक नाही. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार 41 हर्ट्झची, फोनच्या चिमुकल्या स्पीकरच्या बापाला ती झेपत नाही. वरचे उपस्वर तेवढे येतात, बाकीचं कानाने समजून घ्यायचं. मग माझे मोठे हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. डोळे मिटून बसली.

"हे ढम् ढम् तू का?"

"हो."

थोडा वेळ ऐकत राहिली. मग हेडफोनमुळे आवाज चढवून म्हणाली, "अरे, पण सारखा मधेच थांबतोस का रे?"