बॅकअपची वाटणी

आजचा बहुतेक दिवस बॅकअपमध्ये गेला. संगणकावरचा सगळा ऐवज आता एका बाह्य हार्ड डिस्कवर मावत नाही, त्यामुळे तो दोन-तीन डिस्कवर विभागणे भाग आहे. सगळ्याची एकच मोठी फाइल करून तिचे तुकडे एकामागून एक डिस्कवर टाकण्याची सोय अनेक प्रोग्रॅममध्ये असते. फ्लॉपीवर जेमतेम १.४४ एमबी मावत असे त्या काळात असे तुकडे पाडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज मात्र मला ही पद्धत नकोशी वाटते, कारण मधली एक डिस्क बिघडली की बाकीच्या धडधाकट असूनही त्यांतला मजकूर बाहेर काढणे अवघड होऊन बसते. म्हणून मी फोल्डरनुसार वाटणी केली: छायाचित्रे एकीवर, चित्रफिती दुसरीवर, कागदपत्रे मात्र, ती जागाच किती खातात, सगळ्यांवर.

मोजमाप करताना डिस्कवरच्या छापील आकड्यावर विसंबून चालत नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. एका जुन्या डिस्कवर भरपूर जागा असूनही एक लांबलचक चित्रफीत काही केल्या उतरेना, कारण ती डिस्क फॅट३२ या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीची होती आणि तीत ४ जीबीची एक फाइल मावत नाही. ती रिकामी करून एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट केल्यावर काम झाले.

खरा वेळ पडताळणीने खाल्ला. नक्कल होताच मूळ फाइलशी ताडून पाहिले, तर संगणक कधीकधी डिस्कवरून न वाचता नुकतेच मेमरीत राहिलेले तेच पुन्हा वाचतो आणि सगळे आलबेल असल्याचे सांगतो. म्हणून डिस्क रीतसर 'इजेक्ट' केली, केबल काढून पुन्हा जोडली आणि मगच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिच्या ओळखीचा आकडा, मूळ फाइलच्या आकड्याशी जुळवला. कंटाळवाणे काम खरे, पण न तपासलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणायला तयार नाही.

डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी दगा देण्याची शक्यताही जास्त. तेव्हा प्रत्येकीची जोडडिस्क, म्हणजे तोच ऐवज असलेली दुसरी डिस्क, हवीच, आणि ती दुसऱ्या वास्तूत ठेवायला हवी. दोन्ही एकाच वेळी संगणकाला जोडायच्या नाहीत, कारण फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाही. जोडडिस्कांचे काम उद्या हाती घेईन.