"आम्ही केलं" ऐवजी "मी केलं" म्हणायला शिकले: माझा इंटरव्ह्यूचा अनुभव

मी मूळची बार्शीची, दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंजिनिअरिंग पुण्यात आणि नंतर साडेतीन वर्षं एका सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणारी) सपोर्ट प्रोजेक्टवर, म्हणजे आधीच चालू असलेल्या सॉफ्टवेअरमधले बिघाड सांभाळायचं काम. सात-आठ महिने इंटरव्ह्यू देत होते, शेवटी खराडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीची (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणारी) ऑफर आली. सपोर्टवाल्यांना "आपल्याला कोण घेणार" असं वाटत असतं, मलाही वाटायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिला इंटरव्ह्यू हिंजवडीत, शनिवारचा वॉक-इन. कर्वेनगरहून सातला निघाले, भूमकर चौकात अडकले, पोचले तर गेटबाहेर ही लांब लाईन. दहाला रेझ्युमे जमा केला आणि नंबर लागला साडेतीनला, मधे किती वेळ लागेल हे सांगायलाही कुणी नाही. नंतर "कळवतो" म्हणाले ते आजपर्यंत कळवलं नाही. नाही घेतलं तर नाही, पण दोन ओळींचा मेल टाकायला काय जातं, समोरचा माणूस रोज मेल उघडून बघत असतो.

पण खरी गोष्ट त्या इंटरव्ह्यूतच घडली. प्रोजेक्टबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमचा रात्रीचा बॅच जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) ४० मिनिटं चालायचा, आम्ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागवायची आज्ञा, सुधारली, ३ मिनिटांवर आला. ते सर म्हणाले, "टीमने केलं ते कळलं, तुम्ही काय केलं?" मी परत "आम्ही". त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी गप्प. अहो, ते काम पूर्ण माझं होतं, दोन रात्री जागून केलेलं! पण लहानपणापासून "सारखं मी मी करू नये" ऐकलेलं, तोंडातून शब्दच निघेना. परत येताना बसमध्ये रडू आलं.

त्याच रात्री वही काढली आणि साडेतीन वर्षांतली दहा कामं लिहिली, प्रत्येक वाक्य "मी" ने सुरू. काय बिघडलं होतं, मी आधी कुठे बघितलं, काय चुकलं, मग काय केलं. क्वेरीचंच सांगायचं तर तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावलेलं होतं, त्यामुळे त्या कॉलमवरचा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा, पटकन शोधायला) वापरलाच जात नव्हता आणि डेटाबेस सगळं टेबल वाचत बसायचा. मी फंक्शन काढून "या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत" अशी अट टाकली, एवढंच. एवढंच असलं तरी ते शोधलं मी होतं. रूममेट रोज जेवण झाल्यावर मला एक काम विचारायची आणि "आम्ही" आलं की थांबवायची.

खराडीवाल्यांची प्रोसेस चार राउंडची. ऑनलाइन कोडिंगबद्दल फार लिहीत नाही, एक तासात दोन प्रश्न, सराव असेल तर होतात. टेक्निकल मात्र दीड तास चालला. जावातल्या हॅशमॅपवर ("की" म्हणजे key दिली की तिची व्हॅल्यू परत देणारी रचना) विचारलं: स्वतःच्या क्लासचा ऑब्जेक्ट key म्हणून टाकला, इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते ठरवणारं) लिहिलं पण हॅशकोड (ऑब्जेक्ट कुठल्या कप्प्यात जाणार ते ठरवणारा आकडा) नाही लिहिलं तर? मी सांगितलं, दोन सारखे ऑब्जेक्टसुद्धा वेगळ्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, जाऊ शकतात, मग टाकलेली व्हॅल्यू परत मिळत नाही. पुढे जावा ८ मध्ये एका बकेटमध्ये ८ च्या वर नोंदी झाल्या की लिस्टचा ट्री (पटकन शोधता येईल अशी फांद्यांची रचना) होतो तिथपर्यंत आले. मग विचारलं, दर वेळी होतो का? हे मला येत नव्हतं. तसं सरळ सांगितलं आणि म्हटलं, हॅशमॅपचं टेबल, म्हणजे सगळ्या बकेटची रांग, लहान असेल तर ट्री करण्याऐवजी आधी टेबलच मोठं करत असतील, असा माझा अंदाज आहे. अंदाज बरोबर निघाला, टेबल निदान ६४ बकेटचं लागतं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, असा बोलत बोलत विचार करा, मला तेच ऐकायचंय. त्यानंतर माझी भीती गेलीच. इंग्रजी अडखळलं दोनतीनदा, कुणी काही बोललं नाही.

मॅनेजरच्या राउंडला परत तोच बॅच जॉब निघाला. या वेळी "मी" म्हणून सुरुवात केली आणि वीस मिनिटं बोलत होते.

एचआरला दोन गोष्टी नीट विचारा. सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के धरलेत का, कारण ते दर महिन्याला हातात येत नाहीत. आणि ९० दिवसांचा नोटीस पिरियड थांबायला तयार आहेत का. मी विचारलं, त्यांनी हो म्हणून मेलवर लिहून दिलं, मगच राजीनामा टाकला.

काल रिलीव्हिंग लेटर मिळालं, सोमवारी जॉइनिंग. वही रूममेटला दिलीय, पुढच्या शनिवारी तिचा इंटरव्ह्यू आहे, आता रात्री जेवल्यावर मी तिला थांबवते.