आमची वाटचाल : आधी परतीची वाट

सुरुवातीला आमची कंपनी म्हणजे मी, माझा मेहुणा आणि एक मोजपट्टी. लोकांच्या मोटारहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्या, सांगितलेल्या ठिकाणी पोहोचवायच्या, मालकाचा ट्रेलर असेल तर तोही मागे जोडून न्यायचा, एवढंच काम. दोघांनीही आधी ट्रक चालवलेले. रस्त्यातलं आपल्याला कोण काय शिकवणार, अशी घमेंड होती.

ती तिसऱ्याच खेपेला उतरली. १२ मीटरची मोटारहोम, मागे ६ मीटरचा ट्रेलर. मोबाइलने वीस मिनिटं वाचवणारा आडरस्ता दाखवला आणि आम्ही वळलो. पुढे दगडी कमान. पाटीवरची उंची आम्हाला पुरत होती, पण ती कमानीच्या मधोमध. कडेला कमान खाली येते, आणि टपावरच्या एसीचा कोपरा नेमका तिथे भिडणार होता. वळायला जागा नाही. ट्रेलर मागे असला की रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं तर ट्रेलर डावीकडे जातो. चारशे मीटर मागे यायला दीड तास लागला. मेहुणा टॉर्च घेऊन मागे चालत होता. दोनदा गाडी आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटले. चूक सर्वस्वी आमची.

तेव्हापासून आमच्या रस्त्याच्या आराखड्यात ‘सुटका’ नावाचा रकाना आला. प्रत्येक अवघड जागेच्या आधी, जिथून ट्रेलर न सोडवता अख्खी गाडी फिरवता येईल अशी शेवटची जागा कोणती, ते त्यात लिहायचं. मागे ट्रेलरऐवजी चारही चाकांवर ओढलेली मोटार असेल तर हा रकाना जास्तच जपून भरतो, कारण त्या जोडणीत रिव्हर्स जवळजवळ विसरायचा.

आराखडाही आम्ही उलटा करतो, मुक्कामाच्या फाटकापासून मागे. महामार्ग सहसा दगा देत नाही, देतो तो शेवटचा किलोमीटर. उपग्रहाच्या चित्रात फाटक, वळण, झाडांच्या फांद्या पाहायच्या आणि मग तिथे फोन. “मोठी गाडी येते का?” असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. आम्ही विचारतो, “तुमच्याकडे आलेली सगळ्यात लांब गाडी केवढी होती आणि ती कोणत्या बाजूने आत आली?” यावर समोरचा अडखळला की काय ते समजतं.

उंचीसाठी कागदपत्रांवर विसंबत नाही. एसी आणि अँटेना बऱ्याचदा नंतर बसवलेले असतात. टपावरच्या सगळ्यात उंच भागावर सरळ फळी आडवी धरून जमिनीपर्यंत मोजतो, तेही टाक्या रिकाम्या असताना, कारण हलकी गाडी स्प्रिंगवर थोडी उचललेली असते. वर २० सेंटीमीटर धरतो. पुलाखाली डांबराचा नवा थर पडतो, पाटी मात्र जुनीच राहते. मोजलेला आकडा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवायचा. ट्रकसाठीच्या नकाशा ॲपमध्ये उंची, लांबी, वजन भरता येतं. ते वापरतो, पण त्याच्यावर सगळं सोडत नाही.

वळणाचा हिशोब नवीन मुलांना खडूने जमिनीवर काढून दाखवतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत ७ मीटर अंतर असेल आणि पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येने फिरलं, तर मागचं चाक सुमारे सव्वादोन मीटर आतून जातं. ट्रेलर त्याहूनही आत. त्याच वेळी मोटारहोमची शेपटी बाहेरच्या बाजूला झुलते. आतल्या बाजूला खांब असला तर पहिला ओरखडा ट्रेलरलाच.

घाटात मी चढापेक्षा उताराला घाबरतो. ८ टक्के उतार सलग ५ किलोमीटर म्हणजे ४०० मीटर खाली उतरणं. एवढं वजन नुसत्या ब्रेकवर धरलं तर ते तापून हात टेकतात. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, आणि ट्रेलरचे ब्रेक तपासल्याशिवाय त्या वाटेला जायचंच नाही. उंचवट्याचं रेल्वे फाटक असेल तर ट्रेलर पोटावर टेकायची भीती, म्हणून तेही टाळतो. स्वयंपाकाचा गॅस गाडीत असल्यास काही बोगदे बंद असतात. जोराचा आडवा वारा असला की उघड्या पुलावर जात नाही, थांबतो.

या वळशांपायी गिऱ्हाईकं गेलीही. एकाने आराखडा पाहून विचारलं, “डिझेल माझं जाळून मला जग दाखवताय का?” त्याचं अगदीच खोटं नव्हतं. आता दरपत्रकासोबत प्रत्येक वळशाचं कारण एका ओळीत देतो. तरी काही जण घासाघीस करतातच.

आज आम्ही सहा जण आहोत. गेल्या महिन्यात नव्या मुलाने पहिला स्वतंत्र आराखडा आणला. मोबाइलच्या रस्त्यापेक्षा ३८ किलोमीटर जास्त, सुटकेचा रकाना भरलेला. मेहुण्याने तो दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, “डिझेल भरणार त्या पंपाचं छत किती उंच आहे?”

मुलाने फोन उचलला.