तांबडा ठिपका

शाळेच्या स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात होतो. 'शाळेविषयी चार शब्द' लिहून द्या, असं पत्रात होतं आणि खाली मर्यादा आठशे शब्दांची. चार की आठशे ते समितीनं आधी ठरवावं. समितीतली निम्मी मंडळी माझ्याच वर्गातली, त्यामुळं मी मर्यादा ओलांडली तरी कात्री लागणार नाही एवढी आशा आहे.

शाळेविषयी लिहायचं तर मराठीच्या बाईंविषयी लिहायला हवं, पी.टी.च्या सरांविषयी लिहायला हवं, घंटा देणाऱ्या मामांविषयी तर हवंच हवं. पण पेन उचललं की डोळ्यांपुढं गणिताचे सरच उभे राहतात. बाकीच्यांनी रागावू नये, त्यांच्यावर कुणीतरी लिहीलच. सरांचं नाव मात्र लिहीत नाही. फोनवर परवानगी मागितली तर म्हणाले, "स्मरणिकेत नाव आलं की लोक हार घेऊन घरी येतात. नको." नववी-दहावीत जे कोणी आपल्या शाळेत होते त्यांना 'ठिपकेवाले सर' एवढं पुरे.

नव्या मुलांसाठी सांगतो. सर चुकलेल्या गणितावर फुली मारत नसत. गणित जिथं पहिल्यांदा वाकडं गेलं त्या जागेखाली तांबड्या शाईचा एक ठिपका. बस्स. काय चुकलं ते लिहायचं नाही, बरोबर काय ते तर नाहीच. ठिपक्याच्या वरचं सगळं बरोबर, तेवढे मार्क मिळाले, आता ठिपक्यापासून तू पुढं चाल. वही हातात आली की आम्ही मार्क बघायच्या आधी ठिपका कितव्या ओळीत आहे ते बघायचो. पहिल्याच ओळीत असला तर पोटात गोळा. शेवटच्या ओळीत असला तर, "आरं, जरा हुकलं!" पन्नास पोरांच्या वह्या, प्रत्येकाची चूक वेगळ्या जागी, आणि सर ती जागा शोधत बसायचे. फुली मारायला किती सोपं होतं, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं.

सरांनी कधी कुणावर हात उचलला नाही. आवाजसुद्धा फारसा चढवला नाही. प्रश्न विचारायचे आणि मनगटावरच्या एचएमटी घड्याळाला किल्ली द्यायला लागायचे. घड्याळ सकाळीच किल्ली देऊन आणलेलं असायचं हे आम्हाला ठाऊक होतं, तरी ते खाली मान घालून किल्ली फिरवत राहायचे. कुणाकडे बघायचे नाहीत. हुशार पोरांचे हात वर आलेले असायचे, ते तसेच राहायचे. मग मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच काहीतरी बोलायचं, आणि सर म्हणायचे, "पुढं बोल."

माझी मुलगी आता बी.एड. करते. तिनं परवा तिच्या अभ्यासातलं सांगितलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात यावर काम केलं. प्रश्न विचारल्यावर मास्तर लोक सरासरी एक सेकंद थांबतात, म्हणे. तेच तीन सेकंद थांबले तर पोरं लांब उत्तरं देतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलायला लागतात. मी म्हटलं, आमच्या सरांच्या घड्याळाची किल्ली तीन सेकंदांत संपायची नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यातच सरांना आणता." आणतोच.

आता ते सहामाहीचं गणित. वर्ष १९८६, नववी ब. प्रश्न पाच मार्कांचा:

३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७

मी लिहिलं होतं:

३क्ष − १२ − २क्ष − १० = ७
क्ष − २ = ७
क्ष = ९

उत्तर नऊ. पुस्तकामागं ताडून बघा, नाहीतर स्वतः करून बघा, नऊच येतं. आणि मला पाचांत दोन मार्क, पहिल्याच ओळीत त्या दहाखाली ठिपका. शेजारच्याचं उत्तर आलं होतं पाच, साफ चूक, कारण शेवटच्या ओळीत सातात दोन मिळवायच्या ऐवजी त्यानं वजा केले होते. त्याला चार मार्क!

मी वही घेऊन तडक टेबलापाशी गेलो.

"सर, उत्तर बरोबर आहे की."

"आहे की."

"मग दोनच मार्क?"

"ठिपका बघ जा."

घरी जाऊन बघितला. वजा दोन गुणिले वजा पाच, म्हणजे अधिक दहा. मी वजा दहा लिहिलेले. ठीक आहे, चुकलं. दुरुस्त केलं. वजा बारा अधिक दहा, वजा दोन. क्ष वजा दोन बरोबर सात. क्ष बरोबर नऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलापाशी.

"सर, चूक दुरुस्त केली, तरी उत्तर तेच आलं."

सरांनी वहीकडं बघितलं नाही. "मग परवा ते कसं आलं?" एवढं म्हणाले आणि घड्याळाला किल्ली द्यायला लागले. मी उभा. वर्ग माझ्याकडं बघतोय. किल्ली फिरतेय. घंटा झाली, सर उठून गेले.

भात कापणीला आलेलं होतं. आमच्या खानापूरकडं त्या दिवसांत रानडुकरं शिवारात शिरतात, म्हणून मी आणि आप्पा रात्री माळ्यावर राखणीला जायचो. आप्पा कौलाच्या फॅक्टरीत कामाला होते, शेत म्हणजे जेमतेम घरच्या तांदळापुरतं. त्या रात्री ते अंधारात बसून देणी मोजत होते. सोसायटीचे एवढे, दुकानाचे एवढे. मला एकदम लख्ख दिसलं. बाराचं देणं आणि आणखी दहाचं देणं, म्हणजे देणं बावीसचं. मी वजा बारा आणि वजा दहा यांचे वजा दोन केले होते! पहिल्या चुकीनं दहाचं चिन्ह फिरवलं, दुसरीनं ते नकळत परत जागेवर आणून ठेवलं. दोन चुका एकमेकींना खाऊन बसल्या होत्या आणि वर नऊ मिरवत होता.

सकाळी प्रार्थनेच्या आधी सरांना गाठलं. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पाठीवर थाप पडेल, निदान एक मार्क वाढेल.

"किती दिवस लागले?"

"दोन, सर."

"बरं."

मार्क दोनच राहिले. मी दिवाळीपर्यंत रागात होतो.

त्या वर्षाची सुरुवातच तशी होती. जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात सीमाभाग पेटलेला, रोज काहीतरी कानावर यायचं, घरोघरी दुसरा विषय नाही. त्यावर लिहिणारे लिहितील, माझ्यापेक्षा जास्त भोगलेले लोक आपल्या गावात आहेत. मी सरांचं तेवढं सांगतो. सर पक्के मराठी, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सभेला पुढच्या रांगेत बसणारे. पण वर्गात एकदा एका पोरानं कन्नडचं पुस्तक पायानं सरकवलं तेव्हा सरांनी ते उचललं, झटकलं आणि टेबलावर ठेवलं. मग फळ्यावर 'समीकरण' लिहून विचारलं, "ह्याला कन्नडात काय म्हणतात?" कुणालाच येईना. किल्ली फिरली. शेवटी सरच म्हणाले, "समीकरण." वर्ग हसला. "आणि कोनाला?" "कोन!" सगळे ओरडले. "वर्तुळाला?" आता कोण बोलणार? "वृत्त. त्रिकोणाला त्रिभुज. बस खाली." पुढं डिप्लोमाला कन्नड पोरांच्यात बसलो तेव्हा हे चार शब्द आपल्या खिशात आहेत याचा केवढा आधार वाटला.

आणि जुलैतला मुका तास! आपल्या जुन्या इमारतीतल्या 'ब' तुकडीवर पत्रे होते. जांबोटीकडनं पाऊस आला की पत्र्यावर असा काही कोसळायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. इतर मास्तर पुस्तक मिटून बसायचे, 'वाचा' अशी खूण करायचे. सर फळ्यावर एक सोडवलेलं गणित लिहायचे, त्यात मुद्दाम एक चूक पेरलेली, आणि तांबडा खडू पुढं धरायचे. ज्याला सापडेल त्यानं उठायचं, ठिपका द्यायचा, परत यायचं. चुकीच्या जागी ठिपका दिला की सर नुसते डस्टरनं तो पुसायचे. चाळीस मिनिटं कुणी एक शब्द बोलत नसे आणि सगळा वर्ग धडपडत असे. आता तिथं स्लॅब पडला आहे. चांगलंच झालं, गळत होतं. पण पाऊस ऐकू येत नाही.

दहावीनंतर डिप्लोमा, मग सहा वर्षं दुसऱ्याच्या शॉपमध्ये लेथवर, मग भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची एक जुनी लेथ. आज बावीस माणसं कामाला आहेत, कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी मशिनं आहेत, हायड्रॉलिक्सचे जॉब पुण्यापर्यंत जातात. हे सांगायचं नव्हतं, पण स्मरणिकेत सगळेच सांगतात.

सांगायचं ते वेगळंच. सुरुवातीच्या काळात एका पार्टीला शाफ्ट करून दिले होते, एकशे चाळीस नग. दोन पायऱ्यांचा शाफ्ट. आम्ही एकूण लांबी मोजून माल पाठवला, लांबी बिनचूक. आठ दिवसांत सगळा लॉट परत. एक पायरी पॉइंट दोन मिलिमीटर जास्त, दुसरी पॉइंट दोन कमी, बेरीज बरोबर! बेअरिंग बसेना. दोष माझाच, तपासायची पद्धत मीच घालून दिली होती. परत आलेल्या पेट्यांवर बसून मी मोठ्यानं हसलो, कामगारांना वाटलं मालकाचं डोकं फिरलं. तेव्हापासून आमच्याकडं एकूण माप शेवटी घेतात, आधी एकेक पायरी. जिथं पहिल्यांदा माप सुटलं तिथं ड्रॉइंगवर तांबडा ठिपका. कुणाला शिव्या नाहीत. पोरं आपापसात म्हणतात, "ठिपका पडलाय, शोध."

पण आपल्या शाळेची पटसंख्या बघून पोटात तुटतं. सकाळी गावातनं पिवळ्या गाड्या इंग्रजी शाळांची पोरं भरून नेतात. बोलायचा मला अधिकार नाही, माझी मुलगी बेळगावात इंग्रजीतच शिकली. तेव्हा सगळे घालत होते, मीही घातली. ह्या ओळीखाली ठिपका द्यायला सरांची गरज नाही.

लेखाचा कच्चा मजकूर घेऊन गेल्या रविवारी सरांकडं गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी वाचायला भिंग लागतं. आधी त्यांनी कपाटातनं एक लांबडी वही काढली. मला वाटलं होतं टाचणवही असेल. ती निघाली चुकांची वही! वर्षवार, इयत्तावार, कुठल्या गणितात पोरं कुठं पडली, किती पडली. पुढच्या वर्षी तो धडा शिकवायच्या आधी ते पान काढून बसायचे. १९८६, नववी ब. तिथं माझं समीकरण होतं, माझ्या चुकीसकट. शेजारी सरांच्या अक्षरात, 'दोन चुका, उत्तर बरोबर. असं पहिल्यांदाच. पुढच्या वर्षी फळ्यावर घेणे.' माझी चूक त्यांनी पुढच्या किती वर्गांना शिकवली कोण जाणे. त्या 'बरं'चा अर्थ मला अडतीस वर्षांनी कळला.

मग भिंग लावून त्यांनी माझा मजकूर वाचला. सावकाश, दोन्ही पानं. मी चहा संपवला, काकूंनी दुसरा आणला. सरांनी खिशातनं पेन काढलं आणि एका ओळीखाली ठिपका दिला. काही बोलले नाहीत. कागद परत दिला आणि घड्याळाला किल्ली द्यायला लागले. तेच घड्याळ.

ठिपका 'सरांनी कधी कुणावर हात उचलला नाही' या ओळीखाली होता.

गाडी इदलहोंडपर्यंत आली तेव्हा आठवलं. दहावीचं वर्ष, शेवटच्या बाकावरचा तो, जो आता मुंबईला असतो. त्यानं गणिताची वही टराटरा फाडली होती आणि सरांनी त्याच्या कानाखाली मारली होती, सगळ्या वर्गासमोर. मी दोन बाकं पुढं बसलो होतो. पुढं तीन दिवस तो शाळेत आला नाही, चौथ्या दिवशी सरच त्याला घरून सायकलवर डबलशीट घेऊन आले. दोघंही कुणाशी बोलत नव्हते. हे मी कसं विसरलो, की मला विसरायचंच होतं?

ती ओळ वर आहे तशीच ठेवली आहे. तिच्याखाली तांबडा ठिपका छापता येईल का, असं मी समितीला विचारलंय. दोन रंगांत छापायला खर्च जास्त येतो म्हणाले. तेवढ्या पानाचा खर्च मी देतो.