तुम्ही विचारलंत म्हणून : कळवून गेल्यावर काय सापडतं?

लग्नात, एसटीत, मुलीच्या शाळेच्या पालकसभेत, माझं काम काय ते कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. "तुम्ही कारखान्यात तपासणीला जाता ते आधी कळवून ना? मग ते सगळं रंगवून, पुसून ठेवत असणार. त्यात तुम्हाला काय सापडणार?" मागच्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या एका काकांनीही तेच विचारलं. त्यांना मी घाईत जे उत्तर दिलं ते मलाच पटलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

हो, कळवूनच जाते. मी सरकारी निरीक्षक नाही. आगीच्या यंत्रणा आणि धोकादायक रसायनांची साठवण तपासून अहवाल द्यायचा, हे माझं काम. कारखानदार बोलावतो तेव्हा मी जाते. राहते रत्नागिरीत, त्यामुळे कामं बहुतेक किनाऱ्यालगतची: बंदराजवळचे बर्फाचे कारखाने, मासळीची कोल्ड स्टोरेज, आणि अधूनमधून लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतली गोदामं. आणि रंग लावलेला असतो हेही खरं. कित्येकदा गेटमधून आत शिरतानाच ऑइल पेंटचा वास येतो.

पण समुद्राकाठी रंग फार दिवस काही झाकत नाही. बर्फाच्या कारखान्यात गारवा करणाऱ्या अमोनियाचे थंड पाईप असतात, त्यांच्यावर लॅगिंग, म्हणजे थंडावा टिकवणारं वेष्टन, आणि वर पत्रा. पत्रा पुसला की दिसतो चकचकीत. खारी, दमट हवा मात्र पत्र्याच्या फटीतून आत जाते, थंड पायपावर तिचं पाणी होतं आणि ते तिथेच मुरतं. पाईप बाहेरून कुजत जातो आणि कुणालाच दिसत नाही. मी पत्रा कुठे फुगलाय, सांध्यापाशी कुठे तांबूस ओघळ आलाय, ते बघत फिरते आणि तिथलं लॅगिंग उघडायला सांगते. यावर कुरकुर ठरलेली. पण उघडल्यावर गंजाचे पापुद्रे हातात आले की बोलणं थांबतं.

हायड्रंटचंही, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळांचंही, तसंच. लाल रंगाची रांग बघून कुणालाही बरं वाटेल. मी पंपघरापासून सगळ्यात लांबचा हायड्रंट उघडायला सांगते. दाब उतरला की आधी छोटा जॉकी पंप सुरू व्हायला हवा, त्याला झेपेना की मोठा विजेचा पंप, आणि तोही नाही चालला तर डिझेलचा. हे सगळं आपोआप, कुणी बटण न दाबता. मग मी विजेच्या पंपाचा पुरवठा तोडायला लावते. इथे बरेच जण अडकतात, कारण डिझेल इंजिनाची बॅटरी कधीच मेलेली असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. ज्या किनाऱ्यावर अशी वादळं येतात तिथे डिझेल पंप बंद ठेवणं मला माफ करता येत नाही. पाणी आलं तरी पुढे होजच्या पेटीत होज, म्हणजे नळाला जोडायची लांब नळी, असेलच असं नाही. तो क्रेट धुवायला नेलेला असतो. गनमेटलचं नोझल भंगारात चांगल्या भावाने जातं, म्हणून तेही गायब.

आणि भिंतीवरचे ते लाल सिलिंडर. काटा हिरव्या पट्ट्यात आहे, तारखेचं लेबल आहे, मग आणखी काय हवं, असं मला विचारतात. आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा भरताना आत गेली तर पावडरीचे गठ्ठे होतात. दाब पूर्ण असतो, पण खटका दाबल्यावर नुसता वायू फुसकन निघून जातो. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला तर काटाच नसतो. त्याचं वजन करावं लागतं, म्हणून माझ्या गाडीत कायम एक वजनकाटा असतो.

इथवरचं तुम्हाला कुणीही परवानाधारक माणूस सांगेल. माझी खरी अडचण तारखांशी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. राज्यभरासाठी ते ठीक. पण बंदरावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, खलाशी गावी, बर्फाला गिऱ्हाईक नाही. बर्फाचे कारखाने त्या दिवसांत थंड पडलेले असतात. जुलैत मी पंप तपासू शकते, पाईप तपासू शकते, पण ज्यांना ऐन वेळी ते वापरायचं आहे ती माणसं तेव्हा झारखंडला, नेपाळला, नाहीतर आपल्या शेतात लावणीला असतात. ऑगस्टला हंगाम सुरू होतो, दोन महिने बंद असलेलं यंत्र चालू होतं, अर्धी माणसं नवीन असतात, आणि माझं प्रमाणपत्र महिन्याभरापूर्वीचं असतं. म्हणून मी मालकांना विनवते की जुलैचा कागद जुलैत घ्या, पण मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बोलवा. काही बोलावतात.

त्या वेळी मी करते ते एवढंच. रात्रपाळीच्या ऑपरेटरला सांगते, श्वसनसंच आण आणि घाल. म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क असलेला तो संच. मी घड्याळ लावत नाही, नुसती उभी राहते. संच कुठे आहे हेच माहीत नसतं, किंवा तो ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली मालकाच्या घरी. कधी मास्कचं रबर चिकटून फाटतं. कधी तो कॉम्प्रेसरच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर टांगलेला असतो. म्हणजे गळती झाली की संच घ्यायला गळतीतच जायचं. संच खोलीबाहेर, उघड्या पेटीत हवा, आणि एक नव्हे दोन, कारण आत गेलेल्याला बाहेर काढायला दुसरा लागतो. सूचनांचे फलकही मी तेव्हाच त्यांच्याकडून वाचून घेते. १९४८ च्या कारखाने कायद्यातच म्हटलं होतं की सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत लावाव्यात. आमच्याकडे फलक मराठीत आणि कामगारांना वाचता येते ती हिंदी, नाहीतर उडिया.

आता जे सांगायचं ते मला जड जातं, पण त्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका बंदरातल्या बर्फाच्या कारखान्याची आपत्कालीन योजना मी तपासली. पश्चिमेला उतारावर जेटी, मागे पूर्वेला जांभ्याचा रिकामा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, गेट उत्तरेला. मी गेले होते सकाळी अकराला. समुद्रावरून वारा चालू होता. वायू सुटला तर सड्याकडे जाईल, तिथे वस्ती नाही, कामगार गेटपाशी जमतील, ते वाऱ्याच्या वाटेबाहेर राहतील. योजना बरोबर वाटली. मी सही केली.

जानेवारीत एका पहाटे ऑपरेटर रिसीव्हरमधलं, म्हणजे द्रव अमोनियाच्या टाकीतलं, तेल काढत होता. अमोनियाच्या यंत्रात कॉम्प्रेसरचं तेल हळूहळू खाली साचतं आणि ते खालच्या व्हॉल्व्हमधून काढावं लागतं. तेल संपलं की त्याच तोंडातून द्रव अमोनिया येतो. म्हणून तिथे हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असावा आणि माणसाने जागा सोडू नये. तिथे साधाच व्हॉल्व्ह होता. बाहेरून टेंपोवाल्याने हाक मारली, ऑपरेटर दोन मिनिटं बाहेर गेला. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांवर उकळतो आणि एका लिटरचा साधारण ८५० लिटर वायू होतो. तो परत येईपर्यंत खोलीत पाय ठेवता येईना. मदतीला धावलेल्यांनी सांडलेल्या द्रवावर पाण्याचा जोरदार फवारा मारला. हेतू चांगला होता. पाणी अमोनिया शोषतं, पण ते धुक्यासारखं बारीक, वायूवर मारायचं असतं. थंड द्रवावर पाणी पडलं की त्याला ऊब मिळते आणि तो आणखी उकळतो.

अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो, असं पुस्तकात असतं. पण थंडगार सुटलेला अमोनिया दवाने भरलेल्या हवेत पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो. त्या पहाटे तो सड्याकडे गेला नाही. रात्री जमीन निवते आणि मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे. हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. मीही याच किनाऱ्यावर वाढले. तरी सही करताना माझ्या डोक्यात अकरा वाजताचाच वारा होता.

धुकं उतरून जेटीवर गेलं. तिथे लिलावाची वाट बघत मासेवाल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. कारखान्याचे कामगार ठरल्याप्रमाणे गेटपाशी जमले, मोजणी झाली, सगळे सुखरूप. जेटीवर मात्र कुणी सांगितलं नव्हतं, भोंगा कशाचा ते त्यांना माहीत नव्हतं, कुठल्या बाजूला पळायचं हेही नाही. अग्निशमन दलाच्या माणसांनी संच घालून व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत बऱ्याच जणींचे डोळे सुजले, खोकून खोकून जीव मेटाकुटीला आला. कुणी दगावलं नाही. एक आजी दोन दिवस दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "बाय माझे, डोळ्यांत मिरचीचा गोळा फोडल्यासारखं झालं." मी कोण ते त्यांना सांगितलं. योजनेवर माझी सही आहे हेही सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मी तपासणीची सुरुवात कारखान्याच्या बाहेरून करते. शक्य असेल तर पहाटे. कुंपणाभोवती कोण राहतं, कोण कुठल्या वेळी बसतं, शाळा कधी भरते, वारा कधी फिरतो. माणसांनी जमायच्या जागा दोन मागते, एक दिवसाची, एक रात्रीची. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी अशी लावायला सांगते की ती जेटीवरूनही दिसेल. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडला वायूगळतीने शाळेतल्या मुलांना त्रास झाला, तेव्हा मला पुन्हा ती जेटी आठवली. शाळा काही कारखान्याच्या नकाशात नसते.

अमोनियाविषयी एक गोष्ट मात्र चांगली आहे. त्याचा वास आधी येतो. आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा दहा लाख भागांत २५ भाग, आणि जिवावर बेतायला ३०० च्या आसपास सुरुवात होते. नाकाला त्याच्या फार आधी कळतं. पण रोज वासात काम करणाऱ्याचं नाक त्याला सरावतं. म्हणून मी ऑपरेटरला "वास येतो का" असं विचारत नाही. चहा घेऊन येणाऱ्या मुलाला विचारते. कळवून गेले तरी त्याला कुणी पढवलेलं नसतं. तो सरळ सांगतो, "त्या कोपऱ्यात येतो, मॅडम." तिथे सल्फरची कांडी पेटवून फिरवली की पांढरा धूर धरतो आणि ग्लँड, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचा सांधा, गळतोय ते दिसतं.

लोट्याकडच्या गोदामांविषयी थोडंच सांगते, कारण तिथला घोळ मुख्यत्वे पावसाचा आहे. उन्हाळ्यात पिंपं वेगवेगळ्या शेडमध्ये असतात. जून लागला की जागा कोरडी ती एकच, आणि नायट्रिक ॲसिडशेजारी सॉल्व्हंटची पिंपं येऊन बसतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला होता. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आपण दर एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह करतो. गोदामवाल्यांना मी हेच सांगते की मला एप्रिलच्या सप्ताहात बोलावण्याऐवजी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बोलवा.

त्या बंदरातल्या कारखान्यात मी अजून जाते. आता तिथे तेल काढायला आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह आहे, संच बाहेर आहेत, आणि लिलाव करणाऱ्याचा फोन नंबर कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. गेल्या जानेवारीत पहाटे पाचला जेटीवर पोचले तर त्या आजी टोपलीपाशी बसलेल्या. कारखान्यात सगळा नवा रंग झाला होता, मला आदल्या आठवड्यात कळवलंच होतं. आजींनी वर छपराकडे बोट केलं. "तुझी ती वाऱ्याची पिशवी फाटलीय बघ. दिवाळीपासून फाटलेली हाय." खालून बघितलं तर खरंच, खाऱ्या वाऱ्याने तिच्या चिंध्या झालेल्या, नुसती कडी राहिली होती.

त्या दिवशीच्या अहवालातली पहिली नोंद तीच आहे.