शिवता येतं ना, मग पॅटर्न विकत कशाला घेता?

एप्रिल लागला की मी ते घोळदार, मेगा बाहीचे (म्हणजे बाही वेगळी न जोडता अंगासोबतच कापलेली), दोन्ही बाजूंना खिसे असलेले मलमलचे ड्रेस बाहेर काढते आणि मग हा प्रश्न येतोच. आधी विचारतात कुठून घेतला, मग घरी शिवला म्हटलं की कौतुक, आणि मग पॅटर्न, म्हणजे ज्यावरून कापड कापायचं तो तयार कागदी साचा, विकत आणला होता हे कळलं की चेहरा एकदम पडतो, म्हणजे मी पुरणपोळी केली म्हणून सांगितलं आणि पुरण आयतं निघालं असा. शेजारच्या काकू तर स्पष्टच म्हणाल्या, "कायले पैसे घालवतं वं, जुन्या कुर्त्यावर ठेव अन् काप!" तर तुम्ही इतक्यांनी विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

मला बेतता येतं. शिवणक्लास केलाय, ब्राऊन पेपरवर छातीचा चौथा भाग अधिक अमुक इंच करत कुर्ते काढलेत, आईच्या पायाच्या मशीनवर भरपूर शिवलंय. पण क्लासमध्ये आम्हाला एकच गोष्ट डोक्यात भरवली होती ती म्हणजे फिटिंग. ब्लाउज असो की कुर्ती, कापड अंगाला बसलं पाहिजे, सुरकुती दिसली नाही पाहिजे, आपल्याकडे कपड्याची सगळ्यात मोठी तारीफ म्हणजे "फिटिंग मस्त आलंय". आता नागपूरच्या मेमध्ये, नवतपा चालू, पारा 45 च्या आसपास, कूलरसुद्धा गरम फुंकर मारतोय, त्यात ते मस्त फिटिंग घालून बघा. घाम सुकायला कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळायला लागते, आणि फिटिंगमध्ये नेमकी तीच जागा आपण खाऊन टाकतो. जुन्या कुर्त्यावर ठेवून कापलं तर जुन्या कुर्त्याचंच घट्टपण नव्यात येणार, काखेत काचतो तर नवाही काचणार.

मग मी नुसतं सगळीकडून दोन-दोन इंच वाढवून बघितलं. तर गळा खांद्यावरून घसरायला लागला, मुंढा, म्हणजे काखेची गोलाई, कमरेपर्यंत आल्यासारखा दिसायला लागला, आणि आई म्हणाली, "हा तर गाऊनच झाला की गं." झालाच होता. सैल कुठे ठेवायचं आणि कुठे अजिबात नाही, याचंही एक शास्त्र आहे, आणि पॅटर्नचे पैसे मी त्याचे देते. माझ्या आवडत्या पॅटर्नमध्ये अंगाची छाती 97 सेंटीमीटर धरली तर तयार कपडा 110 चा होतो, म्हणजे 13 सेंटीमीटर सूट, पण खांदा आणि मागचा गळा मात्र मापात बसतो, म्हणून तो ड्रेस अंगावर टांगलेला वाटतो, पांघरलेला नाही. चांगल्या पॅटर्नवर तयार कपड्याची मापं दिलेली असतात, ती आधी वाचायची, चित्रातली बाई नंतर बघायची.

साइजचं तर विचारूच नका. दुकानातल्या एल-एक्सएलचा इथे काही संबंध नाही, टेप घेऊन मापायचं. अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या कंपन्यांच्या तक्त्यात 38 इंच छातीला 30 कंबर आणि 40 सीट, म्हणजे नितंबांचा घेर, त्याला म्हणायचं साइज 16. अडतीसला तीस कंबर! माझी कंबर 34, म्हणजे त्यांच्या हिशोबाने मी वर 16 आणि मध्ये 20. पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, मग लक्षात आलं की एकाच कागदावर सगळ्या साइजच्या रेषा असतात, तेव्हा काखेपाशी 16 च्या रेषेवर राहायचं आणि खाली येताना हळूहळू 20 वर सरकायचं, संपलं. ही मापांनुसार कागद विकायची कल्पना 1863 पासूनची, बटरिक नावाच्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका शिंप्याची, आणि अजून तरी कोणाला त्याहून सोपं काही सुचलेलं दिसत नाही.

फजिती सांगते. हल्ली पॅटर्न पीडीएफ मिळतो, ए-फोर कागदांवर छापून चिकटवायचा. पहिल्या पानावर एक चौकोन असतो, तो छापल्यावर पट्टीने मापायचा असतो. मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला, तीस-पस्तीस पानं घरी जमिनीवर पसरून चिकटवली, कापड कापलं, शिवलं, घातला तर काखेत तोच जुना ओळखीचा काच! चौकोन मापला तर 10 च्या जागी साडेनऊ सेंटीमीटर. प्रिंटरने पानात बसावं म्हणून सगळं आटवलं होतं. अर्धा सेंटीमीटर दिसायला काहीच नाही, पण 110 च्या घेरात तो साडेपाच होतो. तो ड्रेस आता भाचीकडे आहे. तेव्हापासून "शंभर टक्के साइजलाच छापा" असं सांगते आणि पहिलं पान मापल्याशिवाय पुढची पानं काढूच देत नाही, तिथला मुलगा मला बघितलं की आता स्वतःच पट्टी काढतो.

कापड इथल्या गांधीबागेच्या कापडबाजारातून आणते, मलमल नाहीतर व्हॉइल. एक लक्षात ठेवा, पॅटर्नवर 60 इंच पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशोब लिहिलेला असला आणि आपलं कापड 44 चं असलं तर जास्त लागणार, मी सरळ साडेतीन मीटर घेते. आणल्याबरोबर रात्रभर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, मगच कात्री. आळस केलात तर पहिल्याच धुण्यात ड्रेस गुडघ्याच्या वर. मलमल कापताना सापासारखी सरकते म्हणून टाचण्या भरपूर आणि उभा धागा काठाला समांतर, नाहीतर घेर एका बाजूला लोंबतो. सुई 11 नंबरची. आणि इंटरलॉक नको, घामात तो दोरा टोचतो, त्यापेक्षा आधी उलटं कापड उलट्याला लावून एक टीप, मग फिरवून आतून दुसरी, कडा आतल्या आत बंद. गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी.

एका बाबतीत मात्र मी पॅटर्नचं ऐकत नाही. त्यांची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, दीड सेंटीमीटरची, काही पॅटर्नात तर तेवढीही नसते, ती आपण धरायची. मी कडेला सरळ इंचभर सोडते आपल्या टेलरसारखी, माणूस जाड होतो, कपड्याने समजून घ्यायला पाहिजे. आणि पहिला प्रयोग नेहमी जुन्या सुती साडीवर. त्यातलेच दोन ड्रेस आता घरात सगळ्यात जास्त घातले जातात ही वेगळी गंमत.

पैशांचं म्हणाल तर एकाच पॅटर्नवर माझे सात ड्रेस झालेत, आईचा एक, भाचीचा एक, कागद आता कडेला फाटायला लागलाय तर पारदर्शक टेप लावून ठेवलाय. काकूंना अजून पटलेलं नाही.

आणि हो, ब्लाउजचा पॅटर्न कुठला वापरता असंही दोघीतिघींनी विचारलंय. कुठलाच नाही. ब्लाउज मी अजून टेलरकडेच टाकते, फिटिंग मस्त येतं.